आज्याच्या ताटातला कुस्करा

उकंडरावला सत्तरी ओलांडल्यावर दात आले, पण ते आले त्याच्या दोस्ताच्या, कडूबाच्या तोंडात.

त्याचं असं झालं. अमडापुरात एक होतकरू पुढारी होता, त्याला सगळे नुसतं भाऊ म्हणायचे. भाऊंच्या वाढदिवसाला दरसाल म्हाताऱ्यांना काहीतरी वाटप व्हायचं. एका वर्षी काठ्या झाल्या, एका वर्षी चष्मे झाले, मग कवळ्यांचा नंबर लागला. शाळेच्या मैदानात मांडव पडला. बाहेरगावचे दातांचे डॉक्टर आले, त्यांनी म्हाताऱ्यांच्या तोंडात भिजवलेल्या कणकेसारखं काहीबाही कोंबून मापं घेतली आणि निघून गेले. पुढं कवळ्या तयार होऊन आल्या. एकेका कवळीला ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी. इथपर्यंत सगळं शिस्तीत.

पण भाऊंच्या एका कार्यकर्त्याला स्वच्छतेची आवड निघाली. भाऊंचा हात लागायचा म्हणजे वस्तू धुतलेली पाहिजे, असं त्याच्या डोक्यात आलं. त्यानं सगळ्या कवळ्या एका बादलीत ओतल्या, वरून कपड्याची पावडर टाकली आणि लाकडानं ढवळल्या. कवळ्या चमकल्या. चिठ्ठ्यांचा लगदा झाला.

मग काय विचारता. फोटोवाला आलेला, हार आलेले, भाऊ गाडीतून उतरलेले. म्हाताऱ्यांना ओळीनं बसवलं आणि बादली फिरवली. जो तो एक कवळी उचलायचा, तोंडात घालायचा, खटखट वाजवून पाहायचा, नाही बसली की शेजाऱ्याच्या हाती द्यायचा. पंगतीत लोणचं फिरावं तसे दात फिरले. ओळीतल्या सुभद्राबाईनं तर बांगड्या भरायला बसल्यासारखी चांगली पारख करून कवळी घेतली. उकंडरावच्या वाट्याला आलेली कवळी त्याच्या तोंडात मावेना. ओठ मिटायचेच नाहीत. फोटोत तो एकटाच खदखदून हसताना दिसतो, आणि भाऊंनी तोच फोटो मोठा करून फलकावर लावला.

घरी आल्यावर उकंडरावनं ती कवळी पेल्यात टाकली, पेला भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि पहिल्यासारखं बोळक्यानं जेवायला लागला. बोळक्यानं जेवायचं म्हणजे कुस्करा. ज्वारीची भाकर बारीक मोडायची, वर गरम वरण ओतायचं, बोटांनी मळून मळून तिचा पार गोळा करायचा. आणि त्याच ताटात, त्याच्या मांडीला मांडी लावून, त्याची नात छकुली जेवायची.

छकुली तिसरीत होती. तिचा बाप भागवत वांगी-मिरच्या लावायचा आणि पहाटेच चिखलीच्या बाजारात माल न्यायचा. आई छाया घर आणि वावर दोन्हीकडं पळायची. आजी नव्हती. म्हणून पोरगी आज्याची. त्यात शाळेत जायच्या आधीच तिचे गुडघे सुजायला लागले. सकाळी उठली की लाकडासारखे ताठ. मग मनगट सुजलं.

"वात म्हाताऱ्याले होते, लेकराले कायचा वात?" गावातल्या झाडून साऱ्यांनी सांगितलं.

पण संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की होतो, लेकरालाही होतो, औषध घ्यावं लागेल आणि दर तीन महिन्यांनी दाखवावं लागेल. भागवतचा माल तोडायचा असायचा, छायाला निंदण असायचं. मग छकुलीला घेऊन एसटीनं जायचं काम उकंडरावकडं आलं.

कवळ्या वाटल्या त्याच वर्षीची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबून पाहिले, मनगट वाकवून पाहिलं आणि विचारलं, "जबडा दुखतो का गं? खाताना त्रास होतो?"

छकुलीनं नुसती मान हलवली. नाही.

"काय आहे बाबा, हा आजार जबड्याच्या सांध्यात गुपचूप शिरतो," बाई म्हणाल्या. "लेकराला दुखतही नाही. पण आतून हाड खराब होतं आणि मग हनुवटी वाढायची थांबते. म्हणून विचारते. जेवते ना नीट? चावून खाते?"

उकंडरावची छाती फुगली. नातीच्या जेवणाबद्दल त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? "आता काय सांगू मॅडम! माह्या ताटात बसते नं. अख्खी भाकर सफा करते बापा. मलेच उरत नाई!"

बाई हसल्या. बाहेर लेकरांची ही रांग लागलेली. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आणि उकंडराव खोटं बोलला नव्हता. भाकर सफा होतच होती. चावायचं काम तेवढं त्याची बोटं करत होती, ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

गावात लोक म्हणायचे, पोट्टी आज्यावर गेली. खरंच होतं ते. नाकाच्या खालचं तोंड दोघांचंही आखूड, बसकं. कडूबा तर पारावर बसून दोघांना बोलवायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा, "पाहा नं, सेम टू सेम! एक दात पडलेला उकंडराव अन् एक दात आलेला उकंडराव!" उकंडरावला त्याचा इतका अभिमान, की पावण्यारावळ्यांसमोर तो छकुलीला शेजारी बसवून दोघांची तोंडं एका बाजूनं दाखवायचा.

पंगतीतही तसंच. अमडापुरात पंगतीला बसलेला सगळ्यात वडीलधारा माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. बहुतेक वेळा तो मान उकंडरावचा. लोकांची ताटं रिकामी व्हायची, छकुलीच्या पत्रावळीवर निम्मं तसंच असायचं. मग बाया बोलायच्या, "उरक नं वं माय, पंगत खोळंबली!" पोरीचे कान लाल व्हायचे. ते उकंडरावला पाहवायचं नाही. कोणाच्या नजरेत न येता तो तिचं उरलेलं आपल्या पत्रावळीवर ओढायचा, दोन घासांत गिळायचा आणि उठायचा. छकुली त्याच्याकडं पाहून डोळे मिचकवायची. दोघांचं गुपित. त्याला वाटायचं, पोरगी लाडाची आहे, हळूखाऊ आहे, एवढंच.

दर तीन महिन्यांच्या खेपेला गुडघे-मनगटच पाहिलं जायचं, जबड्याचा विषय पुन्हा निघाला नाही. अशी दोन वर्षं गेली, आणि एका दुपारी कडूबा आपली कवळी रुमालात गुंडाळून घेऊन आला.

"उकंड्या, एक गोष्ट सांगतो, पण हसू नको बे," तो म्हणाला. "मले ही कवळी लय ढिली होते. परवा किर्तनात जांभई देली तं पुढच्या बाईच्या वटीत पडली."

"मंग?"

"मंग काय! थे बाई उठून पळाली. आता मले सांग, तुही कशी बसते?"

"बसतच नाई. तोंड मिटत नाई माहं."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. मग कडूबानं विचारलं, "पाहाची का बदलून?"

दोघं हापशावर गेले. कवळ्या राखेनं घासल्या, धुतल्या आणि अदलाबदल केली. उकंडरावनं दात मिटले. खट्ट. कुलूप बसावं तसे बसले. कडूबाचेही बसले. दोन वर्षं दोघं एकमेकांचे दात सांभाळून बसले होते.

"हरामखोरा, माहे दात व्हते नं तुह्यापाशी!"

"अन् माहे तुह्यापाशी! कवळीचं भाडं दे आता!"

त्या दिवशी उकंडरावनं भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. ठेचा आणि कडक भाकर खाल्ली. हरभरे फोडले. ऊस सोलून खाल्ला. संध्याकाळी त्याचे गाल दुखत होते आणि तो आरशात पाहून स्वतःवरच खूश होता. तोंड भरून आलं होतं, नाकाखालचा भाग लांब दिसत होता. छायानं पदराआड हसून म्हटलं, "मामाजी, आता तुमची सोयरीक पाहा लागते."

ताटात आता कुस्करा नव्हता. भाकरीचा चांगला जाड तुकडा मोडायचा, ठेच्यात बुडवायचा, कराकरा चावायचा. छकुली शेजारी बसायची. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "आबा, चुरा नं."

"आता कायले चुरायचं? दात हायेत नं आपल्याले!" त्यानं खटखट करून दाखवलं. "खाय. मर्दावानी खाय!"

छकुलीनं तुकडा तोंडात घातला. बराच वेळ तो गालात इकडून तिकडं फिरवला. मग ती पाणी प्यायला उठली.

हळूहळू घरात भांडणं सुरू झाली. छाया म्हणायची, पोट्टीचे नखरे वाढले. भागवत बाजारातून दमून यायचा आणि ताट तसंच पाहून चिडायचा. एकदा त्यानं तिला जेवण संपेपर्यंत भिंतीकडं तोंड करून पाटावर बसवलं. पोरगी हडकली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. उकंडरावनं आपल्या परीनं इलाज म्हणून तिला भाजलेलं मक्याचं कणीस आणून दिलं. ते तिनं घेतलं, आज्याच्या गळ्यात हात टाकला आणि कणीस घेऊन गोठ्यामागं गेली.

थोड्या वेळानं उकंडराव शेळीला पाला टाकायला मागं गेला. शेळी कणीस खात होती. आणि दावणीच्या कोपऱ्यात, गवताखाली, भाकरीचे तुकडे होते. पुष्कळ. काही वाळून खडंग झालेले, काही आजचे. त्यानं एक उचलला. ओला होता. कडांवर दाताचा ओरखडाही नव्हता. नुसता चोखून चोखून बुळबुळीत केलेला.

छकुली शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"हे काय वं?"

ती रडायलाच लागली. "आबा, बाबाले सांगू नका. मी खात व्हती. पण थे तुटतच नाई."

"दुखते का?"

"नाई दुखत. तुटतच नाई."

उकंडराव खाली बसला. "आ कर बरं. मोठा."

तिनं आ केला. तोंड अर्धंच उघडलं, आणि उघडताना हनुवटी सरळ खाली न जाता डावीकडं गेली, एका बाजूनं निखळलेल्या फाटकासारखी. त्यानं तिचं तोंड स्वतःच्या तोंडाशी ताडून पाहायचं म्हणून हात नेला आणि थांबला. त्याचं तोंड तर आता भरलेलं होतं. नाकाखाली आखूड, बसकं तोंड आता एकट्या छकुलीचं होतं. आज्यावर गेली, आज्यावर गेली म्हणून साऱ्या गावात मिरवलं, ते हे होतं.

दुसऱ्या दिवशी भागवत तिला चिखलीला दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. दाढ किडली असेल, असं त्याला वाटलं. तिथं दाढांचा एक्स-रे निघाला. दाढा चांगल्या निघाल्या. भागवत एक्स-रे घेऊन गावात आला, आणि मग जे दर एक्स-रेचं होतं तेच झालं. एसटी स्टॅण्डवर एकानं तो उन्हाकडं धरून पाहिला. किराणा दुकानात दुसऱ्यानं ट्यूबलाइटसमोर धरला. पारावर कडूबानं आधी उलटा, मग सुलटा, मग डोळे बारीक करून पाहिला.

"हाडूक एकदम पास हाये," त्यानं निकाल दिला. "पाहा, कसं पांढरं सफेद. कुठी डाग नाई."

"मी तं म्हनतच व्हतो," भागवत म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. "नखरे हायेत."

उकंडराव पारावरून उठला. त्याला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवत होतं, शब्दाला शब्द. जबड्यात गुपचूप शिरतो. दुखतही नाही. तो घरात गेला आणि छायाला म्हणाला, "सूनबाई, उद्या तुमी चाला माह्यासंग. संभाजीनगरले. वावर राहू द्या."

"उद्या? तारीख तं पुढच्या महिन्यात हाये नं, मामाजी."

"उद्या."

डॉक्टरीणबाईंनी छकुलीचं तोंड उघडायला सांगितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कानापुढं दोन्हीकडं बोटं ठेवून त्यांनी तिला पुन्हा आ करायला, मिटायला लावलं. भागवतनं बांधून दिलेला एक्स-रे त्यांनी पाहिला आणि बाजूला ठेवला.

"हा दाढांचा आहे. यात सांधा आलेलाच नाही. आणि आला असता तरी एक्स-रेत हाड खराब झाल्यावर दिसतं. मला आतली सूज पाहायची आहे. एमआरआय करावा लागेल."

एमआरआयच्या खोलीत लेकरासोबत एका माणसाला बसू देत होते. छायाच्या दंडात ती शाळकरी असताना मोडलेल्या हाडासाठी घातलेली धातूची पट्टी होती, तिला नाही म्हणाले. राहिला उकंडराव.

"बाबा, अंगावर धातूचं काही आहे का? आत चुंबक आहे मोठं," मशीनवाला म्हणाला.

"काई नाई."

"नीट पाहा."

उकंडरावनं बंडीच्या खिशातून अडकित्ता काढला. मग किल्ली. मग चुन्याची डबी. कोपरीच्या आतून सेफ्टी पिना निघाल्या, एकात एक अडकवलेल्या. बोटातून घोड्याच्या नालेची अंगठी निघाली, ती वातावर म्हणून घातलेली. करदोट्याला कान कोरायची कोरणी निघाली. मशीनवाल्यानं ट्रे आणला, तो भरला, दुसरा आणला.

"बाबा, तुम्ही काही नाही म्हणाले होते."

"हे काय अंगावर थोडीच हाये? हे तं खिशात व्हतं."

"बरं, आणि दात?"

"दात माहेच हायेत!" उकंडराव चमकला. कवळीच्या मालकीचा प्रश्न त्याला झोंबायचा. "अदलाबदल झाली नं आमची!"

मशीनवाल्याला काही कळलं नाही. "काढा. आत तार असू शकते."

उकंडरावनं तोंडात बोट घातलं, कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली. गाल आत गेले. नाकाखालचं तोंड बसलं. छकुली सकाळपासून भेदरून गप्प होती, तिनं वर पाहिलं आणि खुदकन हसली.

"आबा परत आबा झाले!"

तिला मशीनच्या पाटावर निजवलं, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी चौकट बसवली, कानाला जाड कापूस लावला. हातात सुईची नळी आधीच लावली होती, त्यातून मधेच एक औषध सोडणार होते, म्हणजे सूज फोटोत उजळून दिसते. हलायचं नाही, हललं की फोटो बिघडतो, असं दहा वेळा बजावलं. पाट आत सरकला. बाहेर फक्त तिचे पाय राहिले. उकंडरावनं एका पायाचा अंगठा धरून ठेवला.

मशीन सुरू झालं. पिठाची गिरणी, कडबा कुट्टी आणि भाऊंच्या मिरवणुकीतला डीजे एकाच खोलीत लावावा तसा आवाज. उकंडरावच्या मुठीतला अंगठा हलला नाही. पोरगी दगडासारखी पडून होती. आधी तोंड मिटून फोटो झाले. मग मशीनवाला आत आला, तिच्या दातांमध्ये प्लॅस्टिकचा एक ठोकळा द्यायला लागला. ठोकळा जाईना. त्यानं लहान ठोकळा आणला. तोही जाईना.

"आणखी उघड बेटा. आणखी थोडं. शाबास. आणखी."

छकुलीचे पाय ताठ झाले.

शेवटी सगळ्यात बारीक ठोकळा कसाबसा बसला. मशीनवाला काचेमागं गेला, पुन्हा गिरणी सुरू झाली. आणि आत पाहताना त्याला दिसलं, की म्हातारा पोरीच्या पायाशी बसलाय आणि त्यानं आपलं बोळकं तोंड वासलंय. पार घसा दिसेल इतकं. लेकराला घास भरवताना आईचं तोंड आपोआप उघडतं ना, तसं. मशीनवाल्याला आधी हसू आलं. त्यानं माईकवरून सांगितलं, "बाबा, तुम्ही मिटा, तुमचे फोटो नाही काढायचे." गिरणीच्या आवाजात उकंडरावला काय ऐकू येणार? फोटो संपेपर्यंत तो तसाच बसला होता, आ करून. लाळ गळून बंडी ओली झाली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना संध्याकाळी बोलावलं. कॉम्प्युटरवर काळं-पांढरं चित्र होतं. उकंडरावला आधी त्यात काहीच कळेना. ढगात जसं काहीही दिसतं तसं.

"हे चमकतंय ना, पांढरं, ही सूज. दोन्ही सांध्यांत आहे," बाईंनी पेन्सिलीनं दाखवलं. "आता हाडाकडं पाहा. हे उजवीकडचं टोक. गोल आहे, जसं असायला पाहिजे तसं. आणि हे डावीकडचं."

डावीकडचं चपटं होतं. फरशीवर घासून घासून चिंचोका झिजवतात पोरं, तसं.

छायानं विचारलं, "भरून येईन नं, मॅडम?"

"उजवीकडचं आपण वाचवू. आजपासून औषध बदलते, इंजेक्शन सुरू करू. डावीकडची सूज उतरेल. पण जेवढं हाड गेलं, तेवढं गेलं. हनुवटी त्या बाजूला मागं राहील. मोठी झाल्यावर ऑपरेशन करता येतं, ते पुढचं पुढं."

"आदी आलो असतो तं?" उकंडरावनं विचारलं.

"सूज आधी दिसली असती. तुमची चूक नाही. दुखत नसलं की घरच्यांना कळत नाही. बऱ्याच लेकरांचं असंच होतं." मग त्यांनी छायाकडं पाहून विचारलं, "खायला त्रास कधीपासून आहे?"

छायानं सासऱ्याकडं पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी ह्याच खुर्चीत बसून उकंडरावनं छाती फुगवून काय सांगितलं होतं, ते बाई विसरल्या होत्या. रोज एवढी लेकरं पाहतात, त्यांना कुठून आठवणार. उकंडरावनं रुमालातली कवळी मुठीत दाबली. ती त्यानं अजून घातली नव्हती.

"दोन वर्साच्या वर झाले असतीन," तो म्हणाला. "मीच चुरून देत व्हतो, मॅडम. म्हून समजलं नाई कोनाले."

बाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.

"सध्या मऊच द्या," निघताना त्या म्हणाल्या. "चुरूनच द्या, काही हरकत नाही. पण लपवू नका. किती खाते, किती वेळ लागतो, तोंड किती उघडतं, हे घरातल्या सगळ्यांच्या नजरेत असू द्या. शाळेतही सांगा."

एसटीत छकुली त्याच्या मांडीवर झोपली. सगळ्या वाटेत त्यानं तिच्या डाव्या कानापुढं तळहात ठेवला होता, गाडीच्या धक्क्यानं तिथं काही लागेल म्हणून.

भागवतनं सगळं ऐकून घेतलं आणि गोठ्यामागं जाऊन उभा राहिला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्यानं पोरीला भिंतीकडं तोंड करून ज्यावर बसवलं होतं तो पाट उचलला आणि चुलीत घातला. पाट बाभळीचा होता, पेटता पेटेना. नुसता धूर झाला. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कोणाचं कशाचं ते कोणी विचारलं नाही.

उकंडरावनं कवळी पुन्हा पेल्यात टाकली. छायानं ती काढून त्याच्या ताटाजवळ ठेवली.

"दात घाला, मामाजी. तुमी बोळकं राहून तिचं हाडूक भरून येनार हाये का?"

त्यानं दात घातले.

इंजेक्शनं सुरू झाली. गुडघे मोकळे झाले, छकुली शाळेत धावायला लागली. तोंड थोडं जास्त उघडायला लागलं. हनुवटी मात्र डावीकडं जायची ती जायचीच.

माघात मारोतीजवळ रोडग्यांची पंगत होती. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. पहिल्या पंगतीत सगळ्यात वडीलधारा उकंडराव. त्याच्या एका बाजूला छकुली, दुसऱ्या बाजूला कडूबा. रोडगा सगळेच फोडून, चुरून वरणात कालवतात, त्यामुळं त्यानं छकुलीला चुरून दिलं ते कोणाला वेगळं वाटलं नाही.

लोकांचं जेवण झालं. बोटं चाटून झाली. वाढणारी पोरं रिकामी भांडी घेऊन उभी राहिली. दुसऱ्या पंगतीचे लोक झाडाखाली चपला काढून तयार. सगळे उकंडरावकडं पाहायला लागले. छकुलीच्या पत्रावळीवर निम्मं होतं.

"उठ नं बे उकंड्या," कडूबा म्हणाला. "का झोप लागली? दुसरी पंगत खोळंबली."

उकंडराव बसून राहिला.

छकुलीनं इकडं तिकडं पाहिलं. तिचे कान लाल झाले. तिनं पत्रावळीचा कोपरा दोन बोटांनी धरला आणि हळूच, कोणाला दिसणार नाही अशी, आज्याकडं सरकवली. पहिल्यासारखी.

उकंडरावनं ती परत तिच्यापुढं सरकवली.

"आबा, उठा नं," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "खाऊन टाका नं तुमी."

"खाय माय. बसलो आहो मी."

तिच्या डोळ्यांतून पाणी पत्रावळीवर पडायला लागलं. ती खाली मान घालून खात राहिली. पलीकडून एक बाई बोललीच, "काय वं माय, एवढ्याशा रोडग्याले—"

"थांबा जरा," उकंडराव म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण पंगत गप्प झाली. "माही नात जेवून राह्यली. तिच्या जबड्यात वात हाये. हाडूक झिजलं तिचं. टाइम लागते तिले."

कडूबानं मान वळवून छकुलीकडं पाहिलं. त्यानंच तो एक्स-रे उलटासुलटा करून पास केला होता. त्याचं तोंड उघडं पडलं, चांगली बसलेली कवळीही खाली घसरली, त्यानं ती जिभेनं वर दाबली आणि तो समोर पाहायला लागला. सुभद्राबाईनं आपल्या पत्रावळीवरचा उरलासुरला घास उगाच बोटांनी गोळा केला आणि पुन्हा पसरवला.

छकुली घास घ्यायची, हनुवटी डावीकडं जायची. घास घ्यायची, डावीकडं जायची. सगळे पाहत होते. उकंडरावनं त्यांना पाहू दिलं. तो पोरीकडं मात्र पाहत नव्हता. त्याची नजर आपल्या उष्ट्या हातावर होती. बोटांवरचं वरण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तोंड मिटून तो दातांवर दात दाबून बसला होता, पण थोड्या वेळानं त्याचे ओठ आपोआप उघडले. तिच्या दर घासाला ते उघडायचे आणि मिटायचे.

दुसऱ्या पंगतीसाठी काढून ठेवलेल्या वरणावर साय धरली. कोणी उठलं नाही.